एकच आजार, दोन खाटा : बालरुग्ण आणि प्रौढ रुग्णांची शुश्रूषा

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात जीबीएसची साथ आली आणि गुलियन-बारे सिंड्रोम हे एरवी न्यूरोलॉजीच्या वॉर्डाबाहेर न पडणारे नाव भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचले. साथीचा जोर सिंहगड रस्त्याकडे होता. तरी पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले आणि महापालिका हद्दीतल्या रुग्णांच्या मोफत उपचाराची जबाबदारी वायसीएमवर, म्हणजे संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावर आली. या साथीत लहान मुले होती, तशी साठी ओलांडलेली माणसेही होती. इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दोघांना एकच, हिशेबही एकच : किलोमागे एकूण २ ग्रॅम. १० किलोच्या मुलाला २० ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला १२०. डॉक्टरांच्या कागदावर दोघांत फरक काय तो एवढ्या आकड्याचा.

सिस्टरच्या कामात फरक कितीतरी मोठा. या आजारात छातीचे स्नायू कधी दगा देतील सांगता येत नाही, म्हणून श्वासावर नजर ठेवावी लागते. मोठ्या माणसाला सांगता येते, ‘काका, एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा.’ काल वीसपर्यंत गेलेले काका आज बाराला थांबले, तर डॉक्टरांना हाक मारायची. दोन वर्षांच्या पोराला आकडे कुठले मोजायला लावणार? तिथे रडण्याचा आवाज बारीक झाला का, नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खळगा पडतो का, दूध पिताना मध्येच थांबतो का, हे बघायचे. मोठा माणूस पाय दुखतात म्हणून सांगतो. मूल नुसते किरकिर करते, चालायचे नाव काढत नाही आणि घरचे म्हणतात, हट्टीपणा करतोय. पडून राहिलेल्या प्रौढाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन आणि पायमोजे लागतात. लहान मुलांत ती भीती कमी. प्रौढाला कुशीवर वळवायला दोघे-तिघे लागतात आणि त्यात सिस्टरांच्या कमरेचे कायमचे दुखणे होते. मुलाला एकटी सिस्टर उचलते, पण त्याच उचलण्यात हातातली सुई निघाली की पुन्हा शीर शोधण्यात अर्धा तास जातो.

मुलांची आणि मोठ्यांची शुश्रूषा हे एकच काम आहे की दोन वेगळी कामे, या जुन्या प्रश्नाचा आढावा घ्यायला पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीसारखी वस्ती बरी. मुळा-पवनेच्या संगमावरचे हे गाव. एसटीची कार्यशाळा आणि लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथलेच, आणि शेजारच्या भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारी घरेही बरीच. आजार मोठा असला तर वायसीएम, औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून. एरवी जवळचे पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होम. मोठ्या रुग्णालयात बालरोग वॉर्ड वेगळा, मेडिसिनचा वेगळा. छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र रात्रपाळीची एकच सिस्टर बाळंतीण, न्यूमोनियाचे मूल आणि प्रेसमध्ये बोट चिरडलेला कामगार असे तिघांना बघते. खालची सगळी चर्चा शेवटी या सिस्टरपाशी येते.

वेगळ्या वॉर्डाचा इतिहास

लंडनमध्ये १८५२ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले. त्याचे संस्थापक चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांनी आजारी मुलांच्या शुश्रूषेवर परिचारिकांसाठी पुस्तिका लिहिली. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे तेव्हापासून सांगितले जात आहे. १९१९ च्या ब्रिटिश नोंदणी कायद्याने आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी नोंदवहीत वेगळा भाग केला आणि तिथे बालपरिचर्या हा जवळजवळ स्वतंत्र पेशा झाला.

आपल्याकडे परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ चे. पुण्यात १९०९ साली निघालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ससूनच्या साह्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना पायावर उभे करणे हा त्यामागचा मोठा हेतू होता. साहजिकच शिक्षण सर्वसाधारण होते : जो रुग्ण समोर येईल त्याची सेवा. ही घडण अजून टिकून आहे. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या दोन्हींत बालआरोग्य परिचर्या हा एक विषय असतो आणि बालरोग वॉर्डात काही आठवडे काढावे लागतात. नोंदणी मात्र सगळ्यांची एकच.

पाश्चात्त्य इतिहासाचा एक धागा आपल्याकडे उलटा विणला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडच्या बालरुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून ठरावीक तास, काही ठिकाणी तेवढेही नाही, भेटता येई. आई आली की मूल रडते, संसर्ग होतो, शिस्त मोडते, अशी कारणे दिली जात. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले, तेव्हा ‘शांत झालेले’ मूल खरे तर आशा सोडलेले मूल असते हे अनेकांना पहिल्यांदा दिसले. ब्रिटनच्या १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीवरची बंधने उठवा आणि आईला मुलाजवळ राहू द्या, अशी शिफारस केली. आपल्या सरकारी वॉर्डांत आई खाटेवरून उठलीच नव्हती. त्यामागे मानसशास्त्र नव्हते. ती उठली असती तर मुलाला भरवणार कोण, हा साधा प्रश्न होता. जी गोष्ट तिकडे हक्क म्हणून मिळवावी लागली, ती इकडे मनुष्यबळाच्या तुटवड्याने आपोआप झाली, आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी धोरण म्हणून फार काळ पाहिले नाही.

जिथे मतभेद नाहीत

शरीराच्या फरकाबद्दल आज कोणी वाद घालत नाही. निरोगी प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, नवजात बाळाची साधारण १०० ते १६०. मिनिटाला ४५ श्वास हे महिन्याच्या बाळाला चालतात, तीन वर्षांच्या मुलाला तो न्यूमोनियाचा इशारा असतो आणि मोठ्या माणसाला थेट आयसीयूचा. लघवी प्रौढाला तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर झाली तरी चालते, बाळाला निदान एक हवी. एक किलोच्या कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ऐंशी-नव्वद मिलिलिटर रक्त असते. तपासणीला दोन-दोन मिलि रक्त चार वेळा काढले तर दहावा हिस्सा गेलाच. भाजलेल्या मुलाचे डोके शरीराच्या जवळजवळ पाचव्या भागाइतके धरावे लागते, प्रौढाचे नऊ टक्के. बेडसोर मोठ्यांना माकडहाडावर आणि टाचेवर होतो, तान्ह्याला डोक्याच्या मागच्या बाजूला.

औषधांचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. अमिकॅसिन हे रोजच्या वापरातले प्रतिजैविक. त्याच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात : दोन मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच दोन मिलिमध्ये ५००. तीन किलोच्या बाळाला किलोमागे १५ या हिशेबाने ४५ मिलिग्रॅम द्यायचे असले, तर लहान बाटलीतून ०.९ मिलि घ्यावे लागते आणि मोठीतून ०.१८. रात्री तीन वाजता हाताला मोठी बाटली लागली आणि सवयीने ०.९ ओढले, की पाचपट औषध गेले. मोठ्या माणसाला मात्रेत थोडे कमी-जास्त झाले तर बहुधा निभावते. बाळाच्या मूत्रपिंडाला आणि कानाला ते निभावेल याचा भरवसा नाही. २००१ मध्ये रेनू कौशल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन बालरुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात औषधांच्या चुकांचे प्रमाण प्रौढांच्या वॉर्डांसारखेच निघाले, पण इजा होऊ शकेल अशा चुका मुलांत तिप्पट.

सलाईनचेही तसेच. साध्या सेटचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलि, मायक्रोड्रिपचे ६०. म्हणून मायक्रोड्रिपवर मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिलि, हा सिस्टरांचा तोंडचा हिशेब. प्रौढाला ५०० मिलिची बाटली भराभर सोडली तरी एकदा बाथरूमला जाऊन यावे लागेल एवढेच. पाच किलोच्या बाळाची दिवसभराची सगळी गरज म्हणजे ती एक बाटली. म्हणूनच बालरोग वॉर्डात बाटली आणि नळी यांच्यामध्ये मापाची ब्युरेट लटकवतात, आणि तासाचे पाणी तासालाच सोडतात.

वेदनेचा प्रश्न

एकमत व्हायला सर्वांत जास्त वेळ इथे लागला. नवजात बाळाला मोठ्यांसारखे दुखत नाही, आणि भूल देण्यात धोका जास्त, अशा समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत कमी दिवसांच्या बाळांवर नाममात्र वेदनाशमनात शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये दाखवले, की शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक मिळालेली बाळे कमी ताण सोसतात आणि नंतर त्यांची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर बोलू न शकणाऱ्या मुलाची वेदना चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे यांवरून गुणांत मोजण्याच्या पद्धती आल्या. टाचेतून रक्त काढताना आईचे दूध किंवा साखरेचे पाणी जिभेवर ठेवावे, हे पाठ्यपुस्तकात आले. गजबजलेल्या वॉर्डात त्याला दोन मिनिटे कोण देते, हा भाग वेगळा.

प्रौढांच्या वॉर्डात गुण विचारून घेतात : दहापैकी किती? पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना तो प्रश्नच कळत नाही आणि तिथे पुन्हा लहान मुलांसारखे निरीक्षणच कामी येते. निरीक्षण लहान मुलांसारखे असावे, बोलणे मात्र तसे असून चालत नाही. ‘आ करा पाहू, शहाणी ना आमची’ असे लडिवाळ बोलले की स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सेवेला जास्त विरोध करतात, असे अभ्यासांत दिसले आहे. ‘प्रौढ रुग्ण’ हा एकजिनसी गट नाही, ही गोष्ट या तुलनेत नेहमी निसटते. तीस वर्षांचा कामगार आणि ऐंशी वर्षांचे आजोबा यांच्यातले अंतर कधीकधी कामगार आणि त्याच्या मुलातल्या अंतराएवढेच असते.

विशेष की सर्वसाधारण

आता खऱ्या मतभेदांकडे. पहिली बाजू म्हणते, इतका फरक असेल तर बालपरिचर्येचे स्वतंत्र शिक्षण आणि स्वतंत्र नेमणूक हवी. भारतीय परिचर्या परिषदेने नवजात परिचर्येसारखे पदविका अभ्यासक्रम आखले, एम.एस्सी.ला बालआरोग्य परिचर्या हा विषय आहे. पण सरकारी सेवेत अधिपरिचारिकेची बदली आणि फिरती ड्युटी पदाप्रमाणे होते, हातच्या कौशल्याप्रमाणे नव्हे. नवजात कक्षात प्रशिक्षण घेऊन, शेकडो इवल्या शिरांत सुया घालून तयार झालेली सिस्टर दुसऱ्या वर्षी पुरुष शल्य विभागात जाते आणि तिच्या जागी येणारीला वॉर्मरच्या बटणापासून शिकावे लागते, ही तक्रार बालरोगतज्ज्ञ आणि परिसेविका दोघेही करतात.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. फिरती बंद केली तर ताणाचे वॉर्ड त्याच त्या सिस्टरांच्या गळ्यात पडतात आणि त्या थकून सोडून जातात. जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या रुग्णालयात, वर सांगितलेल्या नर्सिंग होममध्ये, सगळे येणारीच लागते. शिवाय आजारी मुलाची आई स्वतः मधुमेही किंवा नुकती बाळंत झालेली असू शकते, तेव्हा फक्त मुलाचे जाणणारी परिचारिका अपुरी पडते. ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी म्हणूनच आधी सर्वसाधारण पात्रता आणि मग विशेष शिक्षण असा क्रम ठेवला आहे. खुद्द ब्रिटनमध्येही वेगळी शाखा ठेवावी का, यावर अधूनमधून चर्चा झडते.

या वादात गडचिरोलीचा अनुभव दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुदोषाची लक्षणे ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. म्हणजे अरुंद पण पक्के कौशल्य पदवीशिवायही येते. पण ते टिकते रोजच्या सरावाने आणि देखरेखीने. माझ्या मते पदवी वेगळी असावी की नाही यापेक्षा शिकलेल्या माणसाला त्याच कामावर किती वर्षे ठेवता, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि तो अभ्यासक्रमाचा नसून प्रशासनाचा आहे.

खाटेशेजारचे माणूस

नवजात कक्षात आई अनेक दशके काचेबाहेर होती. ‘बाळ पेटीत ठेवलंय’ एवढेच तिला सांगितले जाई. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्यांच्या टंचाईतून बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची कांगारू पद्धत निघाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत ती जन्मानंतर लगेच सुरू केल्याने मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. त्याआधीच, २०१७ मध्ये, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने नवजात कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या : हात कसे धुवायचे, नळीने दूध कसे द्यायचे, धोक्याची खूण कोणती, हे आईबापांना शिकवायचे.

समर्थक म्हणतात, यातून बाळाचे वजन नीट वाढते आणि आई घरी आत्मविश्वासाने जाते. शंका घेणारे विचारतात, शिकवायला सिस्टरला वेळ कुठून येणार, आणि उद्या हेच कारण दाखवून पदे रिकामी ठेवली तर? दापोडी-भोसरीच्या पट्ट्यात तिसरा प्रश्नही आहे. आई मुलाजवळ पंधरा दिवस बसली तर तिचा रोज बुडतो, घरी दुसरे मूल असते, आणि बाप कंत्राटी असला तर त्याच्या खाड्यालाही पगार नाही. गावाहून आजी येईपर्यंत कुणीतरी शेजारीण बसते.

प्रौढांच्या वॉर्डात नातेवाईक असतोच, पण धोरणात नसतो. बेडपॅन, स्पंजिंग, रक्ताची बाटली आणणे, रिपोर्टसाठी रांग ही कामे मुलगा, सून किंवा बायको करते. ज्याच्यामागे कोणी नाही, म्हणजे परप्रांतातून आलेला एकटा कामगार, त्याची सेवा मावशी-मामांच्या सवडीवर. बालरोग वॉर्डात आईला निदान ‘सहभागी’ म्हटले जाऊ लागले. प्रौढ वॉर्डात हेच काम करणाऱ्याला अजूनही ‘पास आहे का?’ म्हणून हटकले जाते.

किती खाटांमागे एक

केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या जुन्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका, बालरोगासारख्या विशेष वॉर्डात चारामागे एक, नवजात कक्षात दोनामागे एक आणि आयसीयूत एकास एक, असे प्रमाण आहे. कॅलिफोर्नियाने ते कायद्यात घातले : मुलांच्या वॉर्डात चारास एक, मोठ्यांच्या मेडिसिन-सर्जरी वॉर्डात पाचास एक. तिथे अंमलबजावणी होते. इथे निकष कागदावर आणि हजेरीपट निराळा, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कुणालाही माहीत आहे.

पुराव्याची बाजू विषम आहे. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा लिंडा एकेन यांचा २००२ चा प्रसिद्ध निष्कर्ष प्रौढांवरचा. मुलांत मृत्यू मुळात कमी, म्हणून तशाच ताकदीचा पुरावा गोळा करणे अवघड जाते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली, सात वाचवता आली. चौकशीनंतर डॉक्टर आणि परिचारिकांवर कारवाई झाली. एक मत असे, की स्वतः हलूही न शकणाऱ्या रुग्णांच्या कक्षात माणूस सतत असलेच पाहिजे, त्याला सबब नाही. दुसरे असे, की यंत्रांची देखभाल, अग्निसुरक्षा आणि अपुरी पदे यांचा जाब खालच्या पायरीवरच्या सिस्टरला विचारला गेला. दोन्ही मते अजून तशीच उभी आहेत.

सही कुणाची

बालरोग वॉर्ड बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बारा वर्षांपर्यंतचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तो अठरापर्यंतची मुले धरतो. फौजदारी कायदा बाराखालच्या मुलाची संमती मानत नाही, पण रुग्णालये अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांचीच सही घेतात. या सहा वर्षांच्या फटीत चौदा वर्षांची मुलगी प्रौढ स्त्रियांच्या वॉर्डात झोपते, तिच्या मापाची ना खाट, ना गोष्टीचे पुस्तक, आणि तिला काय झाले हे तिच्यासमोर तिला सोडून सगळ्यांना सांगितले जाते. प्रौढाच्या बाबतीत निर्णय त्याचा स्वतःचा, असे कायदा म्हणतो. घरचे मात्र ‘बाबांना कॅन्सर म्हणून सांगू नका’ असे सिस्टरच्या कानात सांगून जातात.

वय आणि अवलंबित्व यांची गाठ किती सैल आहे, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत दिसले. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले. इतक्या वर्षांत बेडसोर होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, पण अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. मुलाच्या बाबतीत आईबापांना मिळते ती जागा इथे एका प्रौढ स्त्रीसाठी सेवा करणाऱ्यांना मिळाली. काहींना ती सेवेची पावती वाटते. रुग्ण स्वतः काय म्हणाली असती, हा प्रश्न त्यात मागे पडला, असे इतर म्हणतात.

काय बाकी आहे

बाटली, सुई, नाडी यांबद्दल आता ज्ञान पुरेसे आहे, अडते ते पोहोचवण्यात. उरलेले प्रश्न निराळ्या जातीचे आहेत. आईचे खाटेजवळचे तास मनुष्यबळाच्या हिशेबात धरायचे का, आणि धरले तर तिच्या बुडालेल्या रोजाचे काय? बारा ते अठराचे रुग्ण कुणाचे? जन्मजात हृदयदोष, थॅलेसेमिया किंवा मधुमेह घेऊन मोठी झालेली मुले बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या ओपीडीत जाताना मध्येच गळतात. त्यांना हाताला धरून पलीकडे नेणारी परिचारिका हे पद आपल्या रुग्णालयांत क्वचितच दिसते. आणि पंधरा खाटांच्या नर्सिंग होममधल्या त्या एकट्या सिस्टरसाठी विशेष की सर्वसाधारण हा वाद जवळजवळ निरर्थक आहे. तिला हवी आहे वजनाप्रमाणे मात्रांचा भिंतीवरचा तक्ता, वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या लहान ताकदीच्या बाटल्या आणि रात्री उचलला जाणारा फोन.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा झाला. अभ्यासक्रम, नोंदणी आणि दर्जा ठरवण्याचे काम त्या कायद्याने या आयोगाकडे सोपवले आहे. बालपरिचर्येची नोंद वेगळी करायची का, आणि केली तर राज्यांच्या बदलीच्या नियमांनी ती पाळायची का, हे दोन निर्णय दोन वेगळ्या कार्यालयांत व्हायचे आहेत.